सह्या आणि मोर्चांनी जगाची गरिबी हटते का?

अनिरुद्ध_ठाणे
‘पोस्टकार्डे पाठवून कोणाचे पोट भरत नाही, गरिबी हटते ती कारखान्यांनी’, असे शेजारच्या धाग्यावर खडूस_कोल्हापूरकर यांनी ठणकावून सांगितले आहे. त्यांनी १६ मे १९९८ चे इंग्लंडमधले बर्मिंगहॅम आठवावे. जी-८ या आठ बड्या राष्ट्रांच्या गटाच्या बैठकीच्या वेळी सुमारे ७० हजार माणसांनी, ज्यांत चर्चमधल्या आजीबाई होत्या आणि शाळकरी मुलेही होती, हातात हात गुंफून साखळी केली आणि एकच मागणी मांडली, की गरीब देशांची न फिटणारी कर्जे २००० सालापर्यंत रद्द करा. पुढच्याच वर्षी याच गटाच्या जर्मनीतल्या कोलोनच्या बैठकीत कर्जमाफीची योजना वाढवली गेली, २००५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लेनईगल्सच्या बैठकीत १८ देशांचे सुमारे ४० अब्ज डॉलर माफ करण्याचे ठरले, आणि २००६ च्या एप्रिलमध्ये झांबियाने ग्रामीण दवाखान्यांतले शुल्क बंद केले.

खडूस_कोल्हापूरकर
साखळी केली त्या दिवशी ते नेते शहरात नव्हतेच. त्यांना शहराबाहेर वेस्टन पार्कच्या वाड्यावर नेले होते. तुमच्या झांबियाने २०२० मध्ये पुन्हा हप्ता थकवला, हे सोयीस्करपणे गाळलेत. २००५ च्या गरिबीविरोधी मोहिमेत मनगटावर मिरवलेल्या पांढऱ्या पट्ट्यांपैकी काही चीनमधल्या कामगारांना पिळणाऱ्या कारखान्यांतून आल्या होत्या, तेही सांगा.

सुमेधा_क
नेते बाहेर होते, पण ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ब्लेअर परत येऊन आयोजकांना भेटले, हे आपण गाळलेत. झांबियाचे जुने कर्ज रुमानियाकडून सुमारे ३३ लाख डॉलरला विकत घेऊन साडेपाच कोटींचा दावा लावणाऱ्या कंपनीला लंडनच्या न्यायालयाने २००७ मध्ये दीड कोटीहून अधिक डॉलर मिळवून दिले. अशा गिधाडांना आवर घालणारा कायदा ब्रिटनच्या संसदेने २०१० मध्ये केला, तो खासदारांना पत्रे लिहून भंडावणाऱ्या याच लोकांमुळे.

दत्ता_माणदेशी
बर्मिंगहॅमला कशाला जाता? रोजगार हमी घ्या. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे, म्हणजे पागेसाहेब, यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग केला, दुष्काळात योजना राज्यभर नेली आणि १९७७ मध्ये कायदा झाला. सह्यांची मोहीम कुठे होती? एका जाणत्या माणसाने कागदावर उतरवले आणि झाले.

सुमेधा_क
‘झाले’ म्हणे! बहात्तरच्या दुष्काळात आमची आजी खडी फोडायला जात असे. दुपारी सुकडी मिळे, संध्याकाळी मुकादम हजेरीपटावर अर्धाच दिवस मांडी, आणि त्याविरुद्ध बायकांनी अंगठे उठवलेला अर्ज घेऊन तहसील कचेरीसमोर ठाण मांडले तेव्हा कुठे थकलेली मजुरी हातात पडली. योजना पागेसाहेबांचीच, वाद नाही. पण हक्काचे दाम मिळवायला ते अंगठे लागले.

दत्ता_माणदेशी
प्रत्येकाच्या आजीने खडी फोडली, म्हणून इतिहास बदलत नाही. योजनेला पैसा कुठून आला? १९७५ च्या व्यवसाय करातून. माझ्या पगारपत्रकात आजही दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात, आणि त्यासाठी मी कधी सही केल्याचे मला आठवत नाही.

अनिरुद्ध_ठाणे
शहरातल्या पगारदाराचा पैसा खेड्यातल्या मजुराकडे वळवावा, हे सरकारला पटवून द्यावेच लागले ना? दुष्काळातल्या मजुरांच्या मोर्चांनी विधिमंडळावर दबाव आणला नसता, तर तो कर दुसऱ्याच खात्यात जिरला असता.

खडूस_कोल्हापूरकर
उगाच सूर चढवू नका. ज्याची मजुरी थकली त्याने कचेरीसमोर बसावे, हे मला पूर्वीही मान्य होते. माझा राग आहे तो घरबसल्या बटण दाबून पुण्य पदरात पाडून घेणाऱ्यांवर.

सुमेधा_क
बर्मिंगहॅमच्या आजीबाईंची मजुरी थकली नव्हती, तरी त्या आल्याच.

खडूस_कोल्हापूरकर
आल्या, उभ्या राहिल्या, झांबियातल्या दवाखान्याचे शुल्क गेले; घ्या, केले मान्य. २०२० च्या थकबाकीसाठी आता कोणती साखळी करणार, तेवढे सांगा.