सगळं पोर्टलवर आहे, मग पाहणी कशाला म्हणे!

दशांश
'पोर्टलप्रेमी' यांचा सकाळचा शेरा: गरोदर बाईची नोंद सरकारी आरोग्य पोर्टलवर होते, बाळंतपणाचीही होते, मग एनएफएचएसच्या (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या) शिळ्या आकड्यांवर पैसा कशाला? दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून वेगळा धागा.

पोर्टल आलेल्यांनाच मोजतं. बाई सातव्या महिन्यात माहेरी जाते. नोंद सासरच्या उपकेंद्रात, बाळंतपण माहेरच्या तालुक्यात. बाळ दहाव्या दिवशी गेलं, तर दोन्हीकडच्या एएनएमना (उपकेंद्रातल्या परिचारिकांना) वाटतं दुसरीने लिहिलं असेल. खासगी दवाखान्याने महिन्याचा अहवाल दिला नाही की रकाना रिकामा, आणि बेरजेत रिकामा म्हणजे शून्य. जन्मून तासाभरात गेलेलं बाळ 'उपजत मृत्यू'त टाकलं की अर्भकमृत्यू कागदावर आपोआप घटतो. पाहणीत बाईला घरी जाऊन एकेक बाळंतपण क्रमाने विचारतात, गेलेली लेकरंसुद्धा.

पोर्टलप्रेमी
आणि तुमच्या पाहण्या एकमेकींशी जुळतात वाटतं? महाराष्ट्राचा अर्भकमृत्युदर (हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत गेलेली बाळं) एसआरएस, म्हणजे नमुना नोंदणी, 2020 मध्ये 16, एनएफएचएस-5 मध्ये 23. कोणता घेऊ? चिठ्ठी टाकू का?

दशांश
एनएफएचएसचा दर मुलाखतीआधीच्या पाच वर्षांचा, आणि राज्यातलं काम झालं 2019 मध्ये. एसआरएसचा एका वर्षाचा. तिथे गणक वर्षभर जन्म-मृत्यू टिपतो, पर्यवेक्षक सहामाहीला स्वतंत्र फेरी मारतो, मग याद्या जुळवून न जुळलेल्या घरी पुन्हा जातात. सगळा फरक यानेच भरून निघतो असं मात्र म्हणणार नाही.

निमशासकीय
पाहणीवाले तरी कुठे धुतल्या तांदळाचे? पाच वर्षांच्या आतलं मूल निघालं की प्रश्नांचं लांबलचक प्रकरण उघडतं, म्हणून दमलेली मुलाखतकार जन्म वर्षभर मागे ढकलते. 'वर्षाचं होऊन गेलं' याचे सरसकट 12 महिने लिहिले की ते मूल अर्भकांतून बाद. म्हणूनच महिन्याच्या आतलं वय दिवसांत आणि दोन वर्षांच्या आतलं महिन्यांत लिहायचं असतं.

आणि जिल्ह्यांची क्रमवारी लावणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. पाच वर्षांचे 300 जन्म सापडले आणि दर 23 असला, तर मृत्यू 7. दोन इकडेतिकडे झाले की दर 17 नाहीतर 30. एनएफएचएस जिल्ह्याचा अर्भकमृत्युदर छापत नाही, ते उगाच नाही.

काडीपेटी
ते राहू द्या. देशातल्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय, हा एनएफएचएस-5 चा आकडा कोणाच्या बोटातून आला ते बोला. बोट पिळलं की ऊतींतलं पाणी रक्तात मिसळतं, वाचन घसरतं. पहिले थेंब पुसून पुढचा घ्यायचा, हे किती जणी पाळतात? क्युव्हेटची (रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्यांची) डबी उघडी राहिली की दमट हवेने त्या बाद, आत बुडबुडा राहिला की वाचन चुकलंच. सीएनएनएसने (मुलांच्या पोषणाच्या राष्ट्रीय पाहणीने) शिरेतून रक्त घेतलं, तर मुलांमधला रक्तक्षय 40.5 टक्के. एनएफएचएस-4 मध्ये 58.6!

दशांश
वयोगट बघितलात का? एनएफएचएसमध्ये 6 ते 59 महिने, सीएनएनएसमध्ये 1 ते 4 वर्षं. रक्तक्षय जास्त असलेली सहा महिने ते वर्षाची बाळं तिथे नाहीतच.

काडीपेटी
तेवढ्याने 18 टक्क्यांची दरी भरते? हिशोब मांडून दाखवा!

दशांश
पूर्ण भरत नाही. झालं समाधान?

काडीपेटी
झालं. एनएफएचएसच्या सहाव्या फेरीतून हिमोग्लोबिनची तपासणी वगळली आणि शिरेतल्या रक्ताचं काम हैदराबादच्या एनआयएनकडे (राष्ट्रीय पोषण संस्थेकडे) गेलं, ते काय हौसेने?

निमशासकीय
वगळली ते ठीक, पण मालिका तुटली. चुकीची फूटपट्टी दर वेळी सारखीच चुकली तर निदान चढ-उतार कळतो. आता मागच्या फेऱ्यांशी तुलना कशाशी करायची?

काडीपेटी
सारखीच चुकली, हे कोणी तपासलं? पथकं दर फेरीला नवी.

पोर्टलप्रेमी
धागा आई-बाळाचा होता, बोटातच अडकला. माहेरच्या बाळंतपणांचा मुद्दा मान्य, पण तो पोर्टल सुधारायचा मुद्दा आहे, बंद करायचा नाही.

दशांश
बंद करा असं कोण म्हणालं? शोधून दाखवा.

उलट मातामृत्यूत मीच तुमच्या बाजूचा. राज्याचा दर 2018-20 मध्ये लाखाला 33, म्हणजे दहा हजार जिवंत जन्मांमागे तीन-साडेतीन. त्यासाठी एसआरएसलाही तीन वर्षं एकत्र करावी लागतात. तालुक्याला काय चुकलं ते कळायला नोंद आणि एकेका मृत्यूचं अन्वेषणच लागतं. घ्या, हा एक गुण तुम्हाला.