हाताच्या सुजेवर ऑपरेशन केलंय का कोणी? (ठाणे-नवी मुंबई)

ऐरोलीची_मीना:
डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी (लिम्फ नोड) काढल्या, मग रेडिएशन. आता डावा हात सुजलाय. टेलरने ब्लाउजची बाही उसवून दिली तरी दंडावर अडकते. पोळ्या लाटून झाल्या की मनगटाजवळ बोट दाबलं तर खळगा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो. एका डॉक्टरांनी सांगितलं, एलव्हीए करू (म्हणजे हातातलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक लसीकावाहिन्या शिरेला जोडायच्या), सूज दाबून ठेवणारी घट्ट स्लीव्ह कायमची सुटेल. मे महिन्यात स्लीव्ह घालून ठाणे-वाशी लोकलमध्ये उभं राहून बघा, मोह का होतो ते कळेल! करू का?

सुषमा_खारघर:
अगं मीना, मी केलंय. 'कायमची सुटेल' असं कोणी छातीठोक सांगत असेल तर तिथून पिशवी उचल आणि दुसरं मत घे. माझी स्लीव्ह आहेच, पण हात हलका झाला आणि तो सारखा लाल होऊन थंडी-ताप यायचा, ते बरंच थांबलं. दिसायला दोन्ही हात सारखे झाले नाहीत, हेही सांगते.

आधी आयसीजी (चमकणाऱ्या रंगाची) तपासणी करून घे. बोटांच्या बेचक्यात त्या रंगाची सुई टोचतात (झोंबते, खोटं कशाला बोलू!) आणि खास कॅमेऱ्याखाली लसीकावाहिन्या पडद्यावर उजळून दिसतात. डॉक्टर पेनने हातावरच रेघा मारतात. चालू वाहिन्या सापडल्या तरच जोडणार ना? त्या मिलिमीटरपेक्षाही बारीक, मायक्रोस्कोपखाली शेजारच्या शिरेला शिवतात. माझं फक्त हात बधिर करून झालं, सगळ्या गप्पा ऐकू येत होत्या.

फिजिओ_नौपाडा:
मीनाताई, खळगा पडतोय म्हणजे सुजेत अजून पाणी आहे. एलव्हीएसाठी ही त्यातल्या त्यात बरी वेळ. जुन्या सुजेत चरबी साठते, खळगा पडत नाही, मग लायपोसक्शनचा, म्हणजे चरबी नळीने ओढून काढण्याचा विचार होतो. स्वीडनमधल्या माल्मोच्या डॉ. ब्रोरसन यांनी ती पद्धत रुळवली, पण त्यानंतर स्लीव्ह जन्मभर, रात्रंदिवस. तिसरा मार्ग म्हणजे जांघेतून किंवा दुसरीकडून चांगल्या लिम्फ नोडच्या गाठी रक्तवाहिनीसकट आणून सुजलेल्या हातात बसवणं. ऑपरेशन मोठं, आणि जिथून गाठी काढल्या तिथे सूज येण्याचा धोका असतो.

कुठलंही करा, आधी बँडेजिंग (हातावर थराथराने पट्ट्या गुंडाळून सूज उतरवणं), हलका मसाज आणि व्यायाम नीट व्हायला हवा. तुमचं बँडेजिंग झालंय का? नुसती स्लीव्ह विकत घेऊन चढवणं म्हणजे उपचार नव्हे. आणि सूज अचानक वाढली असेल तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. शिरेत गुठळी किंवा आजार उलटलेला नाही ना, हे बघावंच लागतं.

ऐरोलीची_मीना:
बँडेजिंग कोणी सुचवलंच नाही! सूज हळूहळूच वाढली, तरी दाखवून घेते. सुषमाताई, बोटंही सुजतात, स्लीव्ह मनगटापर्यंतच आहे.

सुषमा_खारघर:
मग ग्लोव्हही लागेल. मापं सकाळी उठल्या उठल्या द्यायची, सूज कमी असते तेव्हा. आणि बँडेजिंग करून हात उतरल्यावरच नवी शिवून घे, नाहीतर सैल पडेल.