मेलिता, मिलिता की माल्टा?

स्लीमाहून: दिवाळी अंकासाठी माल्टावर लेख दिला होता. मुद्रितं आली तर संपादकांनी सगळीकडे 'मेलिता' खोडून 'माल्टा' केलेलं. एकाच बेटाची दोन नावं कशाला, असं त्यांचं म्हणणं. पण त्यामुळे इथल्या सेंट ज्युलियन्स गावचा 'मेलिता' हा फुटबॉल क्लब राष्ट्रीय संघच वाटायला लागला! रोमन काळात मेलिता हे बेटाचंही नाव होतं आणि तिथल्या मुख्य नगराचंही. त्या नगराच्या जागी आज इम्दीना आणि रबात आहेत, दोन्ही नावं अरबी. गाव नाव बदलून बसलं, तरी मेलिता आहेच. १९२२च्या टपाल तिकिटांवर ब्रिटनचं स्त्रीरूप असलेल्या ब्रिटानियाच्या जोडीला उभी असलेली स्त्री मेलिता, इथली एक इंटरनेट कंपनीही मेलिता. मराठीत काय ठेवू?

वसईकर: आमच्या घरच्या जुन्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, 'मिलिता' आहे. पौलाचं गलबत फुटतं, शेकोटीतून साप निघून त्याच्या हाताला डसतो, तो प्रसंग. आजी वाचायची, त्यामुळे माझ्या कानाला 'मिलिता'च बरोबर वाटतं. तिथे १० फेब्रुवारीला त्याच घटनेचा सण असतो ना?

स्लीमाहून: हो, सार्वजनिक सुट्टी असते.

मधुकोश: मूळ ग्रीक 'मेली', म्हणजे मध. आपलं 'मधु'च ते! तिथल्या मेल्लीहा गावाचं नावही मधावरूनच असणार.

भाषेचा विद्यार्थी: मधुकोश, 'मधु'चा ग्रीक भाऊबंद 'मेथू', त्याचा अर्थ मद्य. 'मेली'चं कूळ वेगळं. मेल्लीहा तर 'मेल्ह'वरून, म्हणजे मीठ. बेटाच्या नावाला फिनिशियन 'आसरा' हा अर्थ लावणारेही आहेत.

मधुकोश: मिठाचं मान्य. मधाचा हट्ट मात्र सोडत नाही, तिथला मध आजही नावाजलेला आहे.

शेळ्यांचा डॉक्टर: आमच्याकडे हे नाव रोज येतं आणि कुणाला कळत नाही. ब्रुसेला मेलिटेन्सिस, म्हणजे 'मेलिताचा'. ब्रूस या ब्रिटिश डॉक्टरने १८८७मध्ये माल्टात तो जंतू शोधला. तो शेळीच्या दुधातून येतो हे १९०५मध्ये झामित या तिथल्याच डॉक्टरने दाखवलं. शेळीपालकांना मी 'सांसर्गिक गर्भपात' सांगतो, दूध उकळूनच प्या म्हणतो. माणसातल्या आजाराला 'माल्टा ताप' म्हणतात. आता सांगा, जंतूचंही 'माल्टेन्सिस' करायचं का?

शुद्धलेखन: मुळात 'माल्टा'तला 'ट' इंग्रजांचा. तिथले लोक 'मालता' म्हणतात, तसंच लिहावं.

वसईकर: मग पॅरिसचं 'पारी' करा. रुळलेलं मोडू नये.

शुद्धलेखन: बॉम्बेही रुळलं होतं.

भाषेचा विद्यार्थी: ताई, देशाला माल्टा, क्लबला आणि कंपनीला मेलिता. विशेषनामाचं भाषांतर होत नाही, एवढं संपादकांना कळवा.

दिल्लीकर मराठी: इकडे थंडीत गाड्यावर 'माल्टा' मिळतो, संत्र्यासारखं फळ. त्याचा या बेटाशी संबंध?

शेळ्यांचा डॉक्टर: नाव त्या बेटाचंच. आपली मोसंबी मोझांबिकची, तसंच.

मधुकोश: मोसंबी मोझांबिकची? आमच्या जालन्यात हे कुणाला पटायचं नाही. याचा वेगळा धागा काढतो.

स्लीमाहून: अंक परवा छापायला जातोय हो!