जुनाट टेनिस एल्बो: दुसरे इंजेक्शन, पीआरपी की व्यायाम?

प्रश्न

गेले आठ महिने माझ्या उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूस दुखते. टेनिस मी आयुष्यात कधी खेळलेलो नाही. दिवसभर माऊस चालवणे एवढेच निमित्त. भरलेला पेला उचलताना किंवा ओला कपडा पिळताना कोपरातून मनगटाकडे कळ जाते. पाच महिन्यांपूर्वी स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले, तेव्हा महिनाभर दुखणे जवळजवळ नाहीसे झाले आणि मग पूर्वीपेक्षा अधिक जोराने परतले. आता दुसरे इंजेक्शन, पीआरपी (स्वतःच्याच रक्तातील प्लेटलेट्सचे इंजेक्शन), शॉकवेव्ह (दुखऱ्या जागी बाहेरून ध्वनिलहरींचे धक्के देणे) आणि फिजिओथेरपी असे पर्याय समोर आहेत. शस्त्रक्रिया तूर्त नको आहे. यांची तुलना कशी करावी?

प्रतिसाद १

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आपला अनुभव अपवादात्मक नाही. यातील कोणताही उपचार सहा आठवड्यांनी तपासला तर एक उत्तर मिळते आणि वर्षाने तपासला तर दुसरेच, हे आधी लक्षात घ्यावे. २००२ साली नेदरलँड्समध्ये १८५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत सहा आठवड्यांनंतर इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९२ टक्के रुग्णांना चांगला गुण आला होता, तर फिजिओथेरपी घेतलेल्यांत हे प्रमाण ४७ टक्के आणि नुसती वाट पाहणाऱ्यांत ३२ टक्के होते. वर्षअखेरीस मात्र हेच आकडे अनुक्रमे ६९, ९१ आणि ८३ असे उलटले. काहीही न करणारे इंजेक्शनवाल्यांच्या पुढे गेले, ही गोष्ट मला आजही विचार करायला लावते.

याचे कारण असे की, जुनाट दुखण्यात सूज हा मुख्य दोष नसतो. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर, कोपराच्या हाडाला जिथे चिकटतो, तिथले तंतू झिजून विस्कळीत झालेले असतात. स्टेरॉइड वेदना दाबते, पण तंतू बांधून देत नाही. म्हणून दुसरे इंजेक्शन मी तरी सुचवणार नाही.

टेंडनला हळूहळू वाढता भार द्यावा लागतो. पुढचा हात टेबलावर पालथा टेकवून मनगट कडेबाहेर ठेवावे, हातात हलके वजन घ्यावे, दुसऱ्या हाताच्या आधाराने मनगट वर आणावे आणि मग आधार काढून ते सावकाश खाली सोडावे. फार दुखत असेल तर आधी मनगट न हलवता नुसता जोर लावण्यापासून सुरुवात करावी. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात. बरेच जण तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडतात.

प्रतिसाद २

पीआरपीबद्दल थोडे. आपल्याच रक्तातील प्लेटलेट्स वेगळ्या काढून टेंडनमध्ये सोडल्या की तो भरून येतो, ही कल्पना आकर्षक आहे आणि २०१० च्या सुमारास तिचे निष्कर्षही आशादायक होते. त्या चाचण्यांत तुलना मात्र स्टेरॉइडशी होती. वर्षाने स्टेरॉइडच मागे पडत असेल, तर त्याच्यापेक्षा सरस ठरणे फारसे कठीण नाही. कॉक्रेन ही संस्था अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासते; तिच्या २०२१ च्या आढाव्यात खोट्या (औषध नसलेल्या) इंजेक्शनशी तुलना केली, तेव्हा वेदनेत किंवा हाताच्या वापरात लक्षणीय फायदा दिसला नाही. शॉकवेव्हचे पुरावेही परस्परविरोधी आहेत. कोपराखाली बांधायचा पट्टा कामाच्या वेळी उपयोगी पडतो, पण तो केवळ आधार आहे.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. व्यायाम करताना दुखले तर थांबावे का?

प्रतिसाद १

सौम्य दुखणे चालते. दहापैकी तीन-चारपर्यंतची वेदना दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ववत होत असेल तर भार योग्य आहे. रात्रभर ठणकत असेल तर वजन कमी करावे. पूर्ण विश्रांतीने टेंडन आणखी दुबळा होतो.

प्रतिसाद ३

मी याच दुखण्यातून गेलो आहे. व्यायामाने बरा झालो की काळाने, हे मला प्रामाणिकपणे सांगता येणार नाही, कारण बहुतेकांचे दुखणे वर्ष-दीड वर्षात आपोआपही ओसरते. एक गोष्ट मात्र खात्रीने सांगतो: माऊस शरीराजवळ घेतला, मनगट वर वाकवून धरणे सोडले आणि वस्तू उचलताना तळवा वरच्या बाजूस ठेवू लागलो, त्या आठवड्यापासून दिवसभराची कळ कमी झाली. आपल्या बोटांत मुंग्या येत असतील किंवा मान वळवल्यावर दुखणे वाढत असेल, तर मानेतील किंवा हातातील नस दबली आहे का, हे डॉक्टरांकडून आधी तपासून घ्यावे.