मदत हवी आहे : डाळिंबाच्या सालीचा काढा नसांना चालतो का?

नमस्कार मंडळी, सांगोल्याला आमची डाळिंबाची बाग आहे, फवारणी दादाच करतो आणि आता त्याच्या हातापायाला सारख्या मुंग्या येतात, सोलापुरात न्यूरोच्या डॉक्टरांची ट्रीटमेंट चालू आहे. पाहुणे म्हणतात सालीचा काढा द्या, नसा सुधारतात. वाचलं तर सालीत प्युनिकॅलाजिन नावाचं द्रव्य असतं, आतड्यातले जंतू त्यापासून युरोलिथिन नावाचं दुसरं द्रव्य बनवतात आणि लॅबमध्ये त्याने चेतापेशी विषापासून वाचताना दिसल्यात, पण ते जंतू सगळ्यांच्या पोटात नसतात! हळदीचंही वाचलं, पण त्यातलं कर्क्युमिन नावाचं द्रव्यही शरीरात नीट शोषलं जात नाही, मिरीने वाढतं पण मिरी बाकीच्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाणही वाढवू शकते, भीती त्याचीच वाटते. कुणाच्या घरी खरंच फरक पडलाय का? फार्मसीवाले, वैद्य कुणी असाल तर प्लीज सांगा, डॉक्टरांना नेमकं काय विचारू?