हे नेहमीचं चिघळणं नसावं
ओठावर हर्पिस (विषाणूमुळे येणारे फोड) असतानाच कोपरातला एक्झिमा (इसब) चिघळला म्हणून तुम्ही स्टेरॉइड मलम वाढवलंत, हे वाचून काळजी वाटली. मलाही दोन्ही आहेत. एकदा मानेवर टाचणीच्या डोक्याएवढे, अगदी एकसारखे फोड आले. फुटल्यावर पंचने पाडल्यासारखी गोल भोकं दिसायची. खाजेपेक्षा ठणका जास्त, वर ताप. तो एक्झिमा हर्पेटिकम, म्हणजे एक्झिमाच्या त्वचेत हर्पिसच्या विषाणूचा संसर्ग, निघाला. एक्झिमात त्वचेचा बांध आधीच फुटलेला, त्यामुळे विषाणू भराभर पसरतो. असे फोड दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. असायक्लोविर हे विषाणूविरोधी औषध जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. डोळ्याजवळ असतील तर रात्रभरही थांबू नका, कॉर्नियाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला) इजा होऊ शकते. आणि ओठाला लावलेला हात धुतल्याशिवाय कोपराला मलम लावू नका.