विंडोजची की डिस्कवर नसते, नवीन घेऊ नका

'हार्ड डिस्क पूर्ण पुसली, म्हणजे विंडोजची की पण गेली' असं वर वाचलं, म्हणून लगेच लिहितोय. की म्हणजे विंडोज ॲक्टिव्हेट करायचा लायसन्स कोड. पैसे भरायची घाई करू नका. लॅपटॉप विंडोज 8 किंवा त्यानंतरच्या विंडोजसकट आला असेल, तर की बहुतेक मदरबोर्डवरच्या चिपमध्येच असते. सेटअप ती स्वतः वाचतो, नेट लागलं की ॲक्टिव्हेट होतं. फक्त आवृत्ती (होम किंवा प्रो) तीच हवी. आमच्या इंदूरला जेल रोडवरच्या एका दुकानाने माझ्या मामेबहिणीच्या लॅपटॉपवर होमच्या जागी प्रो टाकून दिलं. घरी आल्यावर बघतो तर खाली उजव्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज'. की मशीनमध्येच होती, तरी बहिणीचे पैसे गेले. फार वाईट वाटलं.

विंडोज परत टाकायला पेन ड्राइव्ह किमान 8 जीबीचा घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जातं, आधी फोटोबिटो काढून ठेवा. पेन ड्राइव्हवर विंडोजचा सेटअप बनवून देणारं मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल दुसऱ्या विंडोज कॉम्प्युटरवर चालवा.

आता खरी अडचण येते ती पुढे. 'कुठे इन्स्टॉल करायचं' या पानावर यादी रिकामी दिसली, की लोक डिस्क मेली समजून नवीन आणतात. इंटेलच्या 11व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असतं, म्हणून डिस्क दिसत नाही. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर (विंडोजला डिस्क ओळखता यावी म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) घ्या, पेन ड्राइव्हवर एक्स्ट्रॅक्ट करून ठेवा आणि तिथेच 'लोड ड्रायव्हर' दाबा. वायफायचा ड्रायव्हरही सोबत असू द्या.

मशीन चालवू शकत असेल तर विंडोज 11च टाका. विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला. मॉडेल नंबर इथे टाका, ड्रायव्हर मी शोधून देतो.